रंग न लावलेले जोड

एकदा एक वृद्ध कारागीर एका घाटाच्या पायथ्याशी सायकली बांधत असत. बांधत असत, म्हणजे बाजारातून सुटे भाग आणून जुळवत नसत. ज्याची सायकल त्याची उंची, हात, पाय मोजायचे, पोलादाच्या नळ्या त्या मापाने कापायच्या आणि पितळ वितळवून त्याच्या डाखाने नळ्या सांधून सांगाडा उभा करायचा, अशी त्यांची रीत होती. वर्षाकाठी सात-आठ सायकली होत. लोक त्यांना वस्ताद म्हणत. त्यांच्या हाताखाली तिशीला टेकलेला एक शिष्य होता. कारखान्यातली बरी नोकरी सोडून तो चार वर्षांपूर्वी इथे आला होता, आणि घरचे लोक अजून त्याच्याशी धड बोलत नव्हते.

एके दिवशी तिथे एक बाई आल्या. परिचारिकेच्या नोकरीतून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. उत्तरेकडच्या उंच पहाडांत, जिथे डांबर संपते आणि नुसते दगडगोटे उरतात, तिथे त्यांना तीन महिने एकटीने हिंडायचे होते. सायकल त्यांनी नीट विचार करून मागितली. टायर चांगले रुंद हवेत, चिखल भरला तरी चाक अडू नये इतकी मोकळी जागा चाक धरणाऱ्या चिमट्यात हवी, आणि सांगाडा पोलादाचाच हवा. हलक्या धातूचा का नको, असे शिष्याने विचारले. त्यावर बाई म्हणाल्या, की डोंगरातल्या गावात नांगर सांधणारा कुणीतरी असतोच, आणि त्याला पोलाद सांधता येते.

वस्तादांनी मापे घेतली आणि काम वाटून दिले. हँडलखालच्या उभ्या नळीला तिरपी नळी जिथे मिळते तो जोड त्यांनी प्रथमच शिष्याच्या हाती सोपवला. उतारावरचा प्रत्येक धक्का आधी त्या जोडावर येतो. तो सुटला तर पुढचे चाक एकीकडे जाते आणि माणूस दुसरीकडे, हे शिष्याला न सांगता ठाऊक होते.

त्याने जोड दिला. डाख जरासा ओबडधोबड आला. वास्तविक तसाच सोडला असता तर काहीही बिघडले नसते. पण पहिलेच मोठे काम, त्यात वस्तादांची नजर. त्याने कानस घेतली आणि घासत बसला. अंगठ्याला पितळ आणि पोलाद वेगळे लागेनासे झाले तेव्हा थांबला. मग सहज त्याने नखाने नळीवर टिचकी मारली. जोडाच्या कडेला आवाज पातळ आला. पुन्हा मारली, पुन्हा तसाच. डाखाबरोबर त्याने नळीही घासली होती. आधीच पुठ्ठ्याएवढ्या जाडीची ती नळी, तिच्यात आता किती पोलाद शिल्लक होते कोण जाणे.

त्याच वेळी तो बोलला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण वस्ताद आले, जोडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हात बसला तुझा." चार वर्षांत त्यांनी केलेली ही पहिली स्तुती. ती ऐकून शिष्याच्या तोंडातले शब्द तोंडातच राहिले. दुसऱ्या दिवशी त्याने सांगाड्याला गर्द हिरवा रंग दिला. त्या जोडावर एक हात जास्तच दिला.

पुढचे आठ दिवस त्याला अन्न गोड लागले नाही. जेवता जेवता त्याला उतार दिसे. त्या बाईंची बारीक चण दिसे, मागे बांधलेले ओझे दिसे. नळी कदाचित टिकेल, अशी तो स्वतःची समजूत घाली; आणि घास घशाखाली उतरायच्या आत ती समजूत मोडून पडे. वस्तादांनी एकदा टिचकी मारून पाहावी, असे त्याला मनोमन वाटे. ते जोडाजवळ गेले की तोच काहीतरी विचारून त्यांना दुसरीकडे नेई.

बाई सायकल न्यायला येणार त्या सकाळी तो कामावर आला तर वस्ताद जमिनीवर बसलेले. हातात पाते आणि पॉलिशचा कागद. ते नव्याकोऱ्या सायकलीचा रंग खरवडत होते. मागच्या चाकाजवळचे जोड उघडे पडले होते, सीटखालचा उघडा पडला होता, आणि पाते हळूहळू पुढे सरकत होते.

शिष्य जवळ जाऊन उभा राहिला. यांना कळले, आणि आता हे आपल्या तोंडून वदवून घेणार, असे त्याने ओळखले. म्हणजे त्याला तसे वाटले. "मी करतो पुढचा," असे म्हणून त्याने हात पुढे केला. वस्तादांनी पाते दिले नाही. शेवटी न राहवून त्याने विचारले, की इतका सुंदर रंग का घालवता, उघड्या पोलादाला गंज चढेल.

"वरून पारदर्शक वॉर्निश देऊ," वस्ताद म्हणाले. "ताई एकट्या जाणार, म्हणून काल रात्री सुचलं. आणि वॉर्निशमधूनही गंज आला तर तो दिसतो, पुसता येतो. हे बघ, पोलाद एकदम दगा देत नाही. आधी केसाएवढा तडा जातो, मग तो दिवसादिवसानं वाढतो, आणि मग मोडतं. म्हणजे ते आपल्याला वेळ देतं. पण जोडावर जाड रंग असला की तो वेळ फुकट जातो. नळ्यांना रंग हवा तेवढा दे. जोड उघडे ठेव. ताई रोज पुसतील आणि रोज बघतील."

"पण जोड चांगले असतील तर?" शिष्याने विचारले.

"चांगलेच आहेत. मी दिलेत," वस्ताद म्हणाले. "म्हणून तर आधी माझे खरवडले."

हे ऐकले आणि शिष्य त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. नखाने मारलेली टिचकी, पातळ आवाज, जास्तीचा रंग, सगळे त्याने सांगून टाकले. वस्तादांचा हात थांबला. त्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. त्यांनी उठून त्या नळीवर टिचकी मारली, कान लावून ऐकले आणि पुन्हा एकदा मारली. मग एवढेच म्हणाले, की हे मला सांगून भागायचे नाही, सायकल ज्यांची त्यांना सांग.

बाई आल्या. शिष्याने सांगितले. त्या रागावल्या, आणि त्यांनी रागवायलाच हवे होते. नळी कापून नवी घालायला बारा दिवस लागणार होते आणि वरच्या खिंडी बर्फाने बंद व्हायची वेळ कुणासाठी थांबत नाही. त्यांनी पिशवीतून नकाशा काढला, एका खोऱ्यावर पेन्सिलीने काट मारली आणि म्हणाल्या, "तिथं जायचं मी वीस वर्षं ठरवत होते. आता नीट कर."

त्याने नीट केले. या वेळी डाख पुन्हा किंचित ओबडधोबड आला आणि त्याने कानस उचलली नाही. सगळे जोड उघडे ठेवून, वर वॉर्निश देऊन बारा दिवसांनी सायकल गेली.

मग तीन महिने काही कळले नाही. सांगून मोकळे झाले की काळजी मिटते असे पुष्कळ लोक छातीठोकपणे सांगतात. त्यांनी कुणाला उतारावर पाठवलेले नसते. फोन वाजला की शिष्याच्या हातातले काम थांबे. एकदा त्याच्या लक्षात आले, की फोन वाजला की वस्तादही मान वर करतात. हे पाहून त्याला धीर यावा की त्याची धास्ती वाढावी, हेच त्याला कळेना.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी बाई परतल्या, सायकलवर बसूनच. काळवंडल्या होत्या, वाळल्या होत्या, आणि प्रसन्न होत्या. शिष्य धावत गेला तो थेट गुडघ्यांवर बसून आपला जोड पाहू लागला. वॉर्निशखाली पितळ होते तसेच होते.

"तिथं नाही," बाई म्हणाल्या. "मागं बघा."

सीटखालच्या जोडावर पितळेचा एक जाडाभरडा लपका बसला होता. बाईंनी सांगितले, की रोज मुक्कामावर पोचल्या की त्या फडक्याने सगळे जोड पुसत. एकविसाव्या दिवशी तिथे एक रेघ दिसली. पुसून जाईना. पुढे दोन दिवसांचा उतार होता. तो उतरायच्या आधी त्या उलट्या फिरल्या आणि एका गावात ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या माणसाकडून जोड सांधून घेतला. त्यानंतर पासष्ट दिवस सायकल चालली.

तो जोड वस्तादांचा होता.

शिष्याने मान वर करायचे टाळले. वस्तादांनी चष्मा चढवला, खाली वाकले, त्या परक्या लपक्यावरून अंगठा फिरवला. चेहरा उतरला होता आणि तो त्यांनी लपवला नाही. मग त्यांनी शिष्याला जवळ बोलावले.

"ये, बघ. जवळून बघ," ते म्हणाले. "चाळीस वर्षं हेच काम करतोय मी."

शिष्य त्यांच्या शेजारी बसला आणि दोघे कितीतरी वेळ तो जोड पाहत राहिले. बाईंनी आतून स्वतःच पाणी आणून प्यायले.

आपण कुठल्या जागेवर रंगाचा एक हात जास्त दिला आहे, हे ज्याचे त्याला बहुधा ठाऊक असते.