नारळ आणि सुपारी

मुहूर्ताची वेळ आली आणि वरपिता त्र्यंबकराव अडून बसले. “तुमच्या काडीएवढ्या आत्याबाई मागून धावत येऊन मला धडकल्या. माफी मागा, नाहीतर वरात परत नेतो.”

आत्याबाई त्यांच्या पुढ्यातच, हारांच्या ढिगात कोलमडून पडल्या होत्या.

नवरी कुमुदला नवरा पसंत होता, पण आत्याने उगीच माफी मागावी हे पटेना. तिने ताटातली सुपारी नारळावर घरंगळत सोडली. सुपारी आपटून मागे आली. मग तिने नारळ सुपारीवर सोडला. सुपारी पार पुढे उडाली.

“मामंजी, आत्या तुमच्या मागे पडली की पुढे?”

त्र्यंबकरावांनी आधी हारांकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे, आणि ते गदगदून हसले.

“भटजी, मंगलाष्टकं म्हणा लवकर. ही मुलगी आमच्याच बाजूला असलेली बरी.”