बाळकूच्या बांधावरची घोडेवाट

"मग ही वाट कुणाची, बाबा? तुम्हीच सांगा याला."

लतीफबाबा घोडीच्या मानेवरून हात फिरवत राहिले.

विचारणारा होता इंद्रजित निंबाळकर. घोड्यांच्या शर्यतीच्या सात ढाली जिंकलेला. बाबा डोंगराच्या पायथ्याशी राहणारे म्हातारे फकीर, तरुणपणी नालबंद होते. डोंगरात घोडा कसा चालवावा ते त्यांनाच ठाऊक, असं ऐकून तो महिनाभर शिकायला आला होता.

आज घोडेवाट मधेच बंद झाली होती. आडवं बाभळीचं कुंपण, आणि पलीकडे कोयता घेतलेला बाळकू धनवडे.

बाळकूचं म्हणणं सरळ होतं. ओढ्याचं पाणी वाटेवर येतं, चिखल होतो. मग घोडेस्वार वाट सोडून त्याच्या भुईमुगात शिरतात. दोन पावसाळे त्याने सोसलं. आता नाही.

इंद्रजितने खिशातून नकाशा काढला. वाट जुनी, सरकारी कागदावरची. कुणाच्या बापाला बंद करता येणार नाही, असं त्याने सुनावलं.

बाळकूने कोयता खाली ठेवला नाही.

"उतर," बाबा म्हणाले.

इंद्रजित उतरला. आता बाबा बाळकूला समजावतील असं त्याला वाटलं.

बाबांनी बांधावरची कुदळ उचलली आणि त्याच्या हातात दिली.

"बाबा, मी घोडा शिकायला आलोय."

बाबांनी चिखलातली खणायची जागा बोटाने दाखवली.

पहिल्या दिवशी त्याने रागाने खणलं. हाताला फोड आले. पाणी बाजूला काढायला चर, चिखलात दगड, स्वाराच्या डोक्याला लागणाऱ्या फांद्यांची छाटणी. बाबा दगड निवडून द्यायचे.

दुसऱ्या दिवशी बाळकू नुसता बघत उभा राहिला. तिसऱ्या दिवशी त्याला राहवेना. चराचा उतार चुकलाय म्हणाला, आणि स्वतःच आत उतरला. दुपारी त्याच्या बायकोने, सरूबाईने, तिघांसाठी भाकरी आणि ठेचा आणला.

चौथ्या दिवशी पाणी चरातून खळखळत ओढ्याकडे वळलं. तिघं जण गुडघाभर चिखलात उभे राहून ते बघत होते. इंद्रजितला ढाल जिंकल्यावरही इतकं बरं वाटलं नव्हतं.

तेव्हा बाबांनी बाळकूला विचारलं, "घोड्यावर बसलायस कधी?"

बाळकू लाजला. जन्मभर घोडे दारावरून जाताना बघितले होते, एवढंच.

बाबांनी इंद्रजितकडे पाहिलं…

आपली ही घोडी तो सख्ख्या भावालाही देत नसे. तरी त्याने स्वतः रिकीब धरली आणि बाळकूला वर चढवलं.

बाळकू आयाळ घट्ट धरून वळणापर्यंत गेला. परत आला तो फेटा सुटलेला, तोंडभर हसू. सरूबाईने तोंडाला पदर लावला, पण हसू काही आवरेना.

खाली उतरून बाळकूने कुंपणाच्या काट्या आपल्याच हाताने ओढून बाजूला केल्या. मग हळूच विचारलं, अजून एक फेरी मारली तर चालेल का.

तो मोकळ्या वाटेने पार डोंगराच्या कडेपर्यंत गेला.

इंद्रजित दगडावर बसून हसत होता. हातावरचा चिखल वाळून तडकला होता.

"बाबा, बारा वर्षं घोड्यावर बसतोय मी. वाट अशी मोकळी होते, हे मला आजवर कुणी कसं शिकवलं नाही?"

बाबा कुदळ धूत होते.

"वर बसलेल्याला कोण शिकवणार?"