अकरा वाकड्या विटा

एकदा एक बाई डोक्यात अकरा विटा घेऊन दहावीच्या इंग्रजी पेपराला बसली. हसू नका, सांगतो.

बाईचं नाव द्वारका. अंगणवाडीत नऊ वर्षं मदतनीस. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची. सेविकेची जागा रिकामी झाली, पण त्या जागेला दहावी पास पाहिजे. द्वारकानं बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. बाकी सगळं निघालं, इंग्रजी राहिलं. दोनदा राहिलं. आता तिसऱ्यांदा नापास झाली तर जागा दुसरीला.

पण बाई हट्टाची. गावातल्या मास्तरांनी सव्वाशे क्रियापदांची यादी दिलेली, एकेकाची तीन-तीन रूपं. ही रोज सकाळी ओसरीवर बसून घोकायची. वॉश, वॉश्ड, वॉश्ड. कुक, कुक्ड, कुक्ड. साठाव्याला पोचली की पहिली दहा गळालेली असायची. मग पुन्हा पहिल्यापासून.

शेजारी भिवाआबा. जन्मभर वीटभट्टीवर विटा थापलेला, सहीपुरतं अक्षर, पण खोड्या काढण्यात हुशार. त्यानं तिला बोलावलं अन् सांगितलं, मला चुलीला पन्नास विटा थापून दे, मी तुला इंग्रजीत पास करतो.

"आबा, तुम्हाला एबीसी तरी येते का?"

"तुला येती, म्हणून तर दोनदा नापास झालीस. थाप."

तिनं पदर खोचला. साचा मागितला, तर आबा म्हणाला हातानंच थाप. दुपारपर्यंत अकरा झाल्या. एक भाकरीसारखी, एक उशीसारखी, एक तर म्हैस बसल्यासारखी. आबा जागचा हलला नाही. विडी ओढत एकेका विटेला नावं ठेवत राहिला. द्वारका रडकुंडीला आली, तरी म्हणाली, पन्नास झाल्याशिवाय उठायची नाही. पण बिनसाच्याचा वीटवाला मी आजच बघते.

तेव्हा आबा उठला. बुडाखाली साचाच होता.

द्वारकानं चिखलाचा गोळा उचलला होता, पण म्हाताऱ्याच्या वयाकडं बघून खाली ठेवला.

आबा म्हणाला, "मला इंग्रजी येत नाही, पण ऐकू येतं. महिना झाला, भिंतीपलीकडनं ऐकतोय. तुझा शब्द दर वेळी निराळा, पण मागची शेपटी तीच. दुसऱ्याला जी, तीच तिसऱ्याला. साचा तुझ्याच यादीत हाय, पोरी, अन् तू त्याच्यावर बसून एकेक वीट हातानं थापतीस. चिखल कुठला का असंना, साच्यात घाल."

द्वारकानं विचारलं, "अन् गो, ईट? ते नाही बसत."

"ते थाप की हातानं. किती असतील?"

तिनं तिथंच यादी काढून मोजले. बरोब्बर अकरा. पेपराला बारा दिवस उरलेले. बाराही दिवस ती तेवढेच अकरा घोकत राहिली.

पेपरात एक शब्द यादीबाहेरचा आला, कधी न पाहिलेला. तिनं साच्यात घातला अन् पुढं गेली.

एक्केचाळीस मार्क पडले. ती पेढे घेऊन आबाकडं गेली, तर चूल तयार. सरळ बाजूला साच्याच्या विटा, अन् चुलीच्या गोल तोंडाला तिच्या त्या अकरा वाकड्या, जिथल्या तिथं बसवलेल्या.

"वळणावर साच्याची बसत नाही, सेविकाबाई," आबा म्हणाला, अन् दोन पेढे उचलले.

तुम्हीही सकाळपासून काहीतरी थापताय. जरा उठून बघा, बसलाय कशावर.