बांधापल्याडचा देव

लई जुनी गोष्ट. माणसं सावली बघून येळ सांगायची, तवाची. लहानथोर समदे ऐका, आन् मधी कुणी बोलू नका.

एका गावात एक शेतकरी व्हता. राग कायम नाकावर. म्हशीनं शेपूट मारलं तरी तिच्याशी भांडत बसायचा. गाव त्याला ठिणगीच म्हणायचं.

पण गडी मनानं साफ. येशूवर त्याचा लई जीव. रोज दिवेलागणीला घरात प्रार्थना व्हायची, तो आन् बायको, दोघंच. तरी ठिणगी तिसरी घोंगडी रोज अंथरायचा. आज कुणीतरी येईल म्हणायचा. कुणी येत नसे. मग मुकाट्यानं घडी घालायचा. तेवढ्यापुरता त्याचा आवाज नरमायचा.

दुसऱ्या दिवशी पारावर जाऊन पुन्हा वरडायचा, "आरं बहिऱ्यांनो, माझा येशू शेजाऱ्याला जीव लावायला सांगतो! या की ऐकायला!"

असं बोलावल्यावर कोण येणार?

त्याच्या रानाशेजारी एका म्हाताऱ्याचं रान. मधी बांध. हा म्हणायचा, म्हाताऱ्यानं कोरला. म्हातारा म्हणायचा, ह्यानं कोरला. दरसाल आधी शिव्या पेरायच्या, मग जोंधळा.

एकदा म्हातारा पारावर म्हणाला, "ठिणग्या, तुझा येशू बांधापातूरच येतो व्हय रं? माझ्या बाजूला कधी दिसला न्हाई."

समदा पार हसला. ठिणगी तणतणत घरी आला. "थेरड्याची जीभ बघितलीस का?"

बायको भाकरी थापत म्हणाली, "अवं, पण तात्या खोटं कुठं बोललं?"

ठिणगी जेवला न्हाई. मग भूक लागली, तवा जेवला.

पेरणीचे दिस आले. जमिनीला वाफसा आला. ही ओल कुणासाठी थांबत न्हाई; गेली की पीक गेलं. आन् नेमका म्हाताऱ्याचा एक बैल लंगडा झाला. गावातली समदी बैलं आपापल्या रानात. म्हातारा बांधावर डोकं धरून बसला.

ठिणगीनं पेरायची पाभर बैलांना जुपली, आन् तसाच उभा राहिला.

एक बैल दुसऱ्याला म्हणाला, "आज धनी हालंना का?"

दुसरा म्हणाला, "गप ऱ्हा. तो आतल्या आत भांडतोय. आज हरला तर बरं."

तेवढ्यात ठिणगी वरडला, "ए थेरड्या! बघत काय बसलास? बी आण!" आन् बैलं बांध वलांडून पल्याड घातली.

"आन् तुझं रान?"

"माझं मी बघीन! तू बियाची मूठ नीट धर, सांडू नको!"

दिवसभर पेरलं, दिवसभर वरडला. येशूचं नाव एकदाबी काढलं न्हाई. बांधाकडंची भांडणाची पट्टी आली, तीबी म्हाताऱ्याच्या रानात धरून पेरली.

दिवेलागणीला ठिणगीनं सवयीनं तिसरी घोंगडी अंथरली. दारात खोकल्याचा आवाज आला.

"सूनबाई, पाय धुवायला पाणी दे गं."

ठिणगी बघतच राहिला. "तुम्ही?"

म्हातारा घोंगडीवर बसला. "आज माझ्या बाजूला दिसला रं तुझा येशू. तुझ्यासारख्या टोणग्याला ज्यानं बांध वलांडायला लावला, तो हाय तरी कसा, सांग की."

गावभर वरडणारा गडी "तात्या..." एवढंच म्हणाला, आन् डोळं पुसाय लागला. शेवटी बायकोनंच प्रार्थना म्हटली.

त्या साली ठिणगीचं निम्मं रान पडीक राहिलं. कुणी हळहळलं की तो हसायचा. "जा रं! असलं पीक मला कधी आलं नव्हतं!" सुगी सरली तवा म्हातारा त्याच्याबरोबर प्रार्थना म्हणत व्हता, आन् घरात घोंगड्या कमी पडत व्हत्या.

ध्यानात ठेवा: तोंडानं बोलावलेला माणूस पारावरच बसतो, हातानं बोलावलेला देवापातूर येतो.