अकरा कलमांचं घर

एका माळावर एकदा एक आंबा उन्मळून पडला. आषाढातलं वादळ होतं आणि झाड गावाच्या वेशीवरचं, फार जुनं. त्याचं फळ दिसायला अगदीच सामान्य. पण चोखून झालं की जिभेवर बडीशेपेचा वास रेंगाळत असे. असा आंबा पंचक्रोशीत दुसरा नव्हता. गावात एक वृद्ध माळी होते, सगळे त्यांना नाना म्हणत. नाना त्याच दुपारी भिजत गेले, पडलेल्या झाडाच्या काड्या कापून आणल्या आणि आपल्या वाफ्यात वाढलेल्या रोपांवर त्यांची कलमं बांधली. अकरा कलमं जगली. वेशीवरचा आंबा आता उरला होता तो तेवढाच.

त्या माळावर पौषात दव गोठतं. कोवळं कलम त्यात तगत नाही. बांबू उभारायचं बळ नानांच्या अंगात आता उरलं नव्हतं. म्हणून त्यांनी आपल्या शिष्याला, केरबाला, सांगितलं, "दिवाळीपर्यंत यांच्यावर एक हरितगृह उभं कर बाबा. कुडाला बांबू आहेत, प्लॅस्टिकचा कागद मी आणून ठेवलाय."

केरबा आळशी होता असं कृपा करून समजू नका. आळशाला निदान आपण काही करत नाही हे ठाऊक असतं. उद्योगी माणसाचं सगळं अवघड! केरबा दुसऱ्याच दिवशी वही घेऊन निघाला. एका मळ्यात त्यानं कमानीसारख्या छताचं हरितगृह पाहिलं. ऊब छान, पण माळावरच्या वाऱ्यापुढे कमान टिकेल का? रावजी सुताराला विचारलं, तो म्हणाला, "दोन्हीकडं उतरतं छप्पर बरं." हैबती गवंड्याला विचारलं, तो म्हणाला, "भिंतीला टेकवून बांध. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते." केरबानं तिन्हींची चित्रं काढली, मापं मांडली, गुणदोष लिहिले. मग चौथं ऐकलं, अर्धं जमिनीत खोदलेलं. त्याचंही चित्र काढलं.

नाना विचारत, "माणसं कोण येणार?"

"सावडीनं करू ना, नाना. आधी आराखडा तर पक्का होऊ दे."

सावड म्हणजे आज मी तुझ्या कामाला, उद्या तू माझ्या. त्या गावात कुणाच्या दारात जाऊन 'सावडीला या' एवढं म्हटलं की माणूस फावडं घेऊन येई. तेवढे दोन शब्द म्हणायचे राहिले होते. दिवाळी गेली, मार्गशीर्षही सरला. आराखडे नऊ झाले.

आणि पौषात थंडी अशी आली की विहिरीवरचा दोर कडक झाला. गुरुशिष्यांनी कलमांवर गोणपाटं पांघरली, भोवती पाचट रचलं. तिसऱ्या सकाळी गोणपाटं उचलली तेव्हा अकराही कलमं काळी पडली होती. केरबानं एकेकाची साल नखानं खरवडून पाहिली. हिरवं कुठेच नव्हतं. तो तिथेच बसून रडला.

नाना उठले. काठी घेऊन गावात गेले आणि तासाभरात रावजी, हैबती आणि आणखी दोघांना घेऊन आले. "बांधा," म्हणाले, "या वाफ्यावरच बांधा."

केरबा चकित झाला. "नाना, अहो, आता कुणासाठी?"

"बांबू धर," नाना म्हणाले.

एक बाजू हैबतीनं कुंपणाच्या भिंतीला टेकवली, छप्पर रावजीनं आपल्या मनासारखं उतरतं केलं. एक कोपरा वाऱ्यानं फडफडत होता, त्यावर कुणीतरी धोंडा ठेवला. नऊ आराखड्यांत असलं घर नव्हतं. ऊन कलायच्या आत ते उभं राहिलं.

हात धुताना रावजी खजील होऊन म्हणाला, "केरबा, लेका, मी मागंच आलो असतो रे. तू आलास, कोणतं बरं म्हणून विचारलंस, मी सांगितलं. ये म्हणालास कुठं?"

माणसं गेल्यावर नाना केरबाला घेऊन आत शिरले. "हे कलमांसाठी बांधलं नाही," ते म्हणाले. "हे काम किती वेळाचं होतं, ते आपल्या दोघांना दिसायला हवं होतं. तू सगळ्यांना 'कोणतं बरं' विचारलंस. 'कधी येता' असं एकालाही विचारलं नाहीस. चुकीचं घर बांधलं असतंस तर एखादा धोंडा ठेवून भागलं असतं. आणि चूक तुझ्या एकट्याची नाही. तुझी चित्रं पाहून मला कौतुक वाटे. पोरगं शिकतंय, म्हणत मी गप्प बसलो. दारोदार तर मलाही जाता आलं असतं. आज गेलोच की."

एवढं बोलून म्हातारा डोळे पुसू लागला. आत ऊब चांगली धरली होती. मधोमध अकरा काळ्या काड्या उभ्या होत्या.

आता केरबाच म्हातारा झाला आहे. कुणी त्याच्यापुढे कागद पसरून "यातलं कोणतं बरं?" असं विचारलं, तर तो कागदाकडे पाहत नाही. कोपऱ्यातलं फावडं उचलतो आणि विचारतो, "कधी येऊ?"