लेकीजवळ बसायच्या वशाची कहाणी

ऐक गे शारदे, तुझ्या वशाची गोष्ट. आटपाट नगराच्या वेशीशी बुरूडआळी होती. तिथं गोजरा नावाची बुरडीण राहायची. सुपं विणावी, टोपल्या विणाव्या, तेव्हा चूल पेटावी. नवरा बांबू आणायला रानात जाई, तो पंधरा पंधरा दिवस येत नसे. लेक एकच, वेणू. ती पंतोजींच्या शाळेत जाई.

एके दिवशी पंतोजींचं बोलावणं आलं. गोजरा म्हणाली, "बांबू भिजत घातलेत, कशी येऊ?" मग दुसऱ्यांदा आलं. "लुगडं फाटकं आहे, कशी येऊ?" मग तिसऱ्यांदा आलं. "मी अडाणी, येऊन काय करू?" वेणू घरी येऊन काही सांगू लागे. आईचे डोळे विणीवर, नुसतं "हं, हं" म्हणे. मग वेणू सांगेनाशी झाली. मग वाचेनाशी झाली. मग एक दिवस भरदुपारी पाटी घेऊन परत आली. "आये, पंतोजी म्हणाले, तुला काही येत नाही, टोपल्याच वीण."

गोजरा घडा घेऊन नदीवर गेली, तिथंच रडत बसली. तिथं एक म्हातारी आली. "बाई बाई, का रडतेस?"

"लेकीला अक्षर येत नाही. मलाच येत नाही, तिला काय शिकवू?"

"शिकवू नकोस. जवळ बैस. मी तुला वसा सांगते. लेक शाळेतून आली, की हातातलं काम खाली ठेवावं. आज काय शिकलीस, पुसावं. तिचं सांगून होईतो उठू नये. बोलावणं आलं, तर आहे त्या लुगड्यानिशी जावं. याला पैका लागत नाही, घटकाभर वेळ लागतो."

"आणि त्या घटकेनं सूप विणायचं राहिलं तर?"

"राहील एखादं," म्हातारी म्हणाली. तिनं काही लपवलं नाही.

गोजरा तशीच ओल्या पदरानं शाळेच्या दारात उभी राहिली. "पंतोजी, मला कळत नाही काही. पण माझी लेक कुठं अडते, तेवढं सांगा." पंतोजी वरमले. "जोडाक्षराला अडते. बरं, उद्या पाठवा."

मग घरी गोजरा म्हणाली, "वेणू, मला शिकव." वेणूनं पाटीवर अक्षर काढावं, आईनं बांबूची कामटी वाकवून तसंच घडवावं. चुकलं, की दोघींनी हसावं. गिऱ्हाईक दाराशी येई. "थांबा, लेक सांगते आहे." एक थांबलं, एक रागावून गेलं. त्या दिवशी दोघी नुसती आंबील प्याल्या. पण वसा मोडला नाही. तिसऱ्या महिन्यात वेणू पानच्या पान न अडखळता वाचू लागली.

हे नगरशेटाच्या बायकोनं ऐकलं. तिच्या घरी सोन्याचा धूर, मुलीला तीन तीन पंतोजी, तरी मुलगी मुकी बसे. ती मेण्यातून बुरूडआळीत आली. "गोजराबाई, तुम्ही कोणता पंतोजी ठेवलात?"

"कोणी नाही, शेटाणीबाई. तुम्ही तिच्याजवळ कधी बसता?"

शेटाणी घरी गेली, दासींना बाहेर पाठवलं, लेकीपुढं जमिनीवर बसली. "आज काय शिकलीस, बाळ?" मुलगी आधी रडली. मग बोलू लागली, ती दिवे लागेपर्यंत बोलत राहिली.

शारदामाय त्या दोघी आयांना पावली, तशी तुम्हांआम्हां ऐकणारणींना पावो. साठां उत्तरांची कहाणी पांचां उत्तरांत सांगितली, ती घरोघरी सुफळ होवो.