डबीतला आवाज

सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि अन्वय विचारत होता, "पण नुसती शीळ लावली तर त्या पक्ष्याचं बिघडतं काय, गुरुजी?"

गुरुजी चष्म्यावरचं पाणी पुसत राहिले.

मार्च सरत आला होता आणि भलत्या वेळी पावसानं धरलं होतं. धरणाच्या पाण्यातल्या बेटावर ताडपत्री बांधून आम्ही बसलो होतो. मोकाशी गुरुजी दरवर्षी माणसांना पक्षी दाखवायला इथं आणतात. आमचे मालक नाव वल्हवतात, मी चहाचं बघते. आमचं चार महिन्यांचं बाळ पलीकडच्या काठाला सासूबाईंपाशी ठेवलेलं, म्हणून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

अन्वय हा गुरुजींचा लाडका शिष्य. त्याच्याकडं साबणाच्या वडीएवढा काळा स्पीकर होता, डबीच म्हणा ना. त्यावर पक्ष्याची शीळ लावायची. आपल्या जागेत दुसरा कोण घुसला म्हणून लपलेला पक्षी धावत बाहेर येतो. मग फोटो काढायचा.

त्यानं शीळ लावली. काठच्या पाणकणसाच्या उंच गवतातून निळ्या गळ्याचा, चिमणीएवढा पक्षी बाहेर आला. पिसं भिजून अंगाला चिकटलेली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं... आत गेला.

परत लावली. परत आला.

"बंद कर," गुरुजी म्हणाले. "आज-उद्या निघायचाय तो. हिमालयाच्या पलीकडं जायचंय. आत्ता त्यानं नुसतं खायला पाहिजे. अंगात काही नसताना निघाला तर वाटेतच पडेल."

"एकदाच, गुरुजी. मान नीट आली नाही फोटोत."

पक्षी परत आला. आता कणसाच्या दांड्यावर बसताना त्याचा तोल जात होता.

"इतक्यांदा फसला तरी कळत नाही," अन्वय म्हणाला. "बिनडोक आहे झालं!"

मालक हसले. मीही हसले.

गुरुजी माझ्याकडं वळले. "सगुणाताई, बाळाचा आवाज आहे का फोनमध्ये?"

"आहे की. लस टोचली तेव्हाचं रडणं. ह्यांनीच टिपून ठेवलंय."

"ह्याच्या डबीवर लावू? नको म्हणालात तर नाही लावत."

"लावा की. मला काय, बाळ घरी झोपलंय हे ठाऊक आहे."

अन्वयनं फोन जोडला. डबी लांब, चिखलाच्या पलीकडं नेऊन ठेवली.

बाळ रडलं...

हातातली किटली कधी सुटली, कळलं नाही. मी गुडघाभर चिखलात उतरले होते. डबी समोर दिसत होती. काळी, साबणाएवढी. तरी पाय थांबेनात. आणि छातीशी झंपर भिजला. पाऊस गार होता. हे ऊन ऊन होतं.

"बंद करा हो!" मी ओरडले.

अन्वयच्या बोटांना बटण सापडेना. रडणं चालूच. मालकांनी फोन हिसकावून बंद केला, तेव्हा कुठं थांबलं.

मालकांनी तोंड फिरवलं. गुरुजींनी स्वतःची घोंगडी माझ्या अंगावर टाकली आणि हात जोडले.

"शिव्या घाला मला, ताई."

मी घातल्या. "पांढरे केस झाले, लाज नाही वाटत? आईच्या जिवाशी खेळता?" आणखीही बरंच बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

अन्वय चिखलातून डबी उचलून आला. "पण ताई... तुम्हाला तर ठाऊक होतं!"

"मला होतं," मी म्हटलं. "दुधाला कुठं होतं?"

माझं मलाच ऐकून कसंतरी झालं.

अन्वयनं डबी पुढं धरली. "गुरुजी... ही डबी पाण्यात फेकून देऊ का?"

"डबीनं काय केलंय?"

तेवढ्यात पावसातून दोन नावा आल्या. गळ्यात कॅमेरे अडकवलेली माणसं. पुढच्या नावेतून एकानं हाक मारली, "काय दिसलं का हो?"

पाणकणसात निळं काहीतरी हललं. अन्वयनं गुरुजींकडं बघितलं.

गुरुजी हळूच म्हणाले, "सांग त्यांना, इथं बघण्यासारखं काही नाही. आणि म्हणावं, मागून येणाऱ्यांनाही असंच सांगत जा."